वसरी नसलेले घर

पेडणे आणि डिचोली हे गोव्याच्या उत्तरेकडचे दोन महाल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले, म्हणून त्यांची गणना नव्या काबिजादीत होते. माझा जन्म पेडणे महालातल्या एका खेड्यातला आणि नोकरीची अखेरची वर्षे डिचोलीतली. मध्ये अस्नोडा, थिवी, कोलवाळचा पूल आणि धारगळ, एवढाच काय तो प्रवास. सकाळी निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणाला घरी परतू शकतो. असे असूनही या दोन घरांतले अंतर समजून घ्यायला मला बरीच वर्षे लागली. या मासिकाचे वाचक बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद अशा दूरदूरच्या गावी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. तेथल्याही कित्येक कुटुंबांनी वाडा सोडून सदनिका पत्करली असेल. त्यांना ही हकीकत अगदीच परकी वाटणार नाही.

डिचोलीच्या बाजारापासून दहा मिनिटांच्या अंतरावर एका तिमजली इमारतीत पहिल्या मजल्यावर आमचे घर आहे. दोन निजायच्या खोल्या, एक बैठकीची, स्वयंपाकघर, आणि रस्त्यावर डोकावणारी हातभर गॅलरी. क्षेत्रफळ ६२ चौरस मीटर. २००४ साली बँकेचे कर्ज काढून ते घेतले तेव्हा आम्ही चौघे होतो. मुलगा शाळेत जाणारा, मुलगी पाळण्यातली. त्या वेळी ते घर आम्हांला इतके प्रशस्त वाटले, की एक खोली पाहुण्यांसाठी राखून ठेवावी असे सौभाग्यवतींनी सुचविले होते. २०१९ साली वडील गेले आणि गावी एकटी पडलेली आई आमच्याकडे आली. २०२१ साली मुलाचे लग्न झाले. २०२३ साली नात जन्मली. पाहुण्यांची खोली केव्हाच संपली होती, आता घरच्या माणसांचीच गणना करावी लागू लागली. एका खोलीत मुलगा, सून आणि तान्हे मूल. दुसरीत आई आणि आमची मुलगी. आम्ही दोघे बैठकीच्या खोलीत, रात्री उलगडायच्या कोचावर. मुलगी परीक्षेचा अभ्यास रात्री एक वाजेपर्यंत करणार आणि आई पहाटे चार वाजता उठून स्तोत्रे म्हणणार. मधल्या तीन तासांत त्या खोलीत शांतता नांदत असे.

घरात भांडण म्हणून कधी झाले नाही. पण दारे जरा जोराने लागू लागली. न्हाणीघरासमोर सकाळी रांग दिसू लागली, आणि “जरा सरकता का?” हे वाक्य दिवसातून किती वेळा कानी पडते याची मोजदाद करण्याचा मोह मला एकदा झाला. मुलगा नोकरीनिमित्त पर्वरीला जातो. तिकडेच एखादी भाड्याची जागा पाहावी असे त्याच्या बोलण्यात येऊ लागले. त्यात गैर काही नव्हते, आणि नेमके म्हणूनच मला उत्तर सुचत नव्हते.

आमचे मूळ घर चिऱ्याचे आहे. पुढे शेणाने सारवलेले खळे आणि तुळस. दोन पायऱ्या चढल्या की वसरी, म्हणजे आपल्याकडची ओसरी. तिच्या दोन्ही अंगांना भिंतीतूनच काढलेली बसायची सोपे. आत चौकी, देवाची खोली, दोन काळोख्या खोल्या, रांदची कूड, आणि वर माळा. पेडणे शहरात देशप्रभूंचा चौकांमागून चौक असलेला वाडा आहे, तो पाहून बाहेरचे लोक गोव्यातली सारी हिंदू घरे तशीच असतील अशी कल्पना करून घेतात. आमचे घर तसे नव्हते. मध्यम स्थितीतल्या कुळाचे जसे असावे तसे ते होते. माझ्या लहानपणी, १९७८ च्या सुमारास, त्या घरात चार भावांचे संसार मिळून बावीस माणसे राहत होती.

गेल्या चवथीला गावी गेलो तेव्हा शाळेतला मोजपट्टीचा फितीचा गुंडाळा बरोबर नेला होता. आरत्या आटोपल्यावर, मंडळी वामकुक्षीत असताना, पुतण्याला फितीचे टोक धरायला लावून मी घर मोजले. वसरी धरून, माळा सोडून, ते १४० चौरस मीटर भरले. म्हणजे बावीस माणसांत माणशी सहा चौरस मीटरांहून किंचित अधिक. डिचोलीच्या घरात आम्ही सात, तेव्हा माणशी जवळजवळ नऊ! भागाकार चुकला असेल म्हणून मी तो पुन्हा केला. ज्या घराच्या ऐसपैसपणाच्या गोष्टी मी मुलांना वीस वर्षे सांगत आलो, ते घर माणशी हिशेबाने माझ्या सदनिकेहून लहान होते.

मग तेथे कोंडल्यासारखे का वाटत नसे? खळे, विहीर, माडांची सावली हे उत्तर सहज सुचते आणि ते अर्धे खरेही आहे. पण पेडण्यात पावसाळा चार महिने असतो आणि त्या चार महिन्यांत बावीसच्या बावीस माणसे छपराखालीच असत. मला आठवते ती चौकी. पहाटे तेथे आजी ताक घुसळीत असे. सकाळी तेथेच आम्हां मुलांचा अभ्यास चाले. दुपारी पाट मांडून पंगत बसे, आधी मुलांची, मग पुरुषांची, शेवटी बायकांची. जेवणे झाली की जमीन पुसून तेथेच सुपांत तांदूळ निवडले जात. तिन्हीसांजेला दिवा लागला की परवचा, आणि रात्री वळकट्या सोडून आम्ही नऊ भावंडे त्याच जमिनीवर ओळीने निजत असू. तान्ह्या मुलाचा पाळणा वाशाला टांगला जाई आणि सकाळी उतरून खुंटीवर जाई. त्या खोलीला मालक नव्हता, वेळापत्रक होते. सामान जमिनीवर जवळजवळ नसेच: कपडे दांडीवर, लोणी शिंक्यावर, दिवे कोनाड्यात, भांडी उतरंडीत, भात माळ्यावर. जमीन माणसांसाठी मोकळी.

आमच्याकडे खोलीला ‘कूड’ म्हणतात आणि शरीरालाही तोच शब्द आहे. मराठी कवितेतली ‘कुडी’ तीच. मराठीचा विद्यार्थी म्हणून मला या शब्दाचे नेहमी कौतुक वाटत आले आहे. मुंबईला धोबीतलावाच्या परिसरात गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांनी आपापल्या गावाच्या नावाने जी वसतिस्थाने काढली त्यांनाही ‘कूड’च म्हणतात. बोटीवरून उतरलेल्या खलाशाची तेथली मालमत्ता म्हणजे भिंतीशी ठेवलेली एक पेटी आणि रात्री पसरायची चटई. समोर वेदी, संध्याकाळी सर्वांनी मिळून प्रार्थना. पुष्कळ माणसांनी थोड्या जागेत राहण्याची ही विद्या गोव्याच्या मातीत अशी सर्व धर्मांत मुरलेली आहे.

मात्र या विद्येची किंमत कोणी दिली हेही सांगितले पाहिजे. त्या घरात असे एकही दार नव्हते, की जे तरुण सुनेला आतून लावून घेता येईल. धाकट्या काकीला रडायचे असले तर ती न्हाणीत जाई आणि घंघाळात पाणी ओतल्याचा आवाज करी. हे मला तेव्हा कळले नाही, पुढे आईने सांगितले. बाळंतीण काळोख्या खोलीत, बाजूला बसलेली स्त्री मागीलदारी. पुरुषांना वसरी होती. बायकांची वसरी म्हणजे विहिरीचा काठ.

घर पुरेनासे झाले म्हणजे वाढवावे, असे आपण सहज म्हणतो. पण वाढविण्याचा अधिकार प्रत्येकाला नव्हता. आमच्या घराच्या मागे मुंडकारांची घरे होती. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहणारा. एक खोली, एक पडवी. तिला आणखी एक भिंत जोडायची तर भाटकाराची परवानगी हवी. १९७५ साली, डिचोलीतून विधानसभेवर निवडून गेलेल्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना, मुंडकारांना घराबाहेर काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला आणि घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्क त्यांना मिळाला. त्यानंतरच्या काही वर्षांत त्या घरांच्या पडव्यांना भिंती आलेल्या मी पाहिल्या आहेत. डिचोली महालातल्या मये गावाची गोष्ट याहून विचित्र. तेथली जमीन एका पोर्तुगीज सरदार घराण्याच्या नावे. १९६१ साली गोवा मुक्त झाला, मालक निघून गेले आणि गाव परागंदा मालमत्ता म्हणून सरकारी अभिरक्षकाच्या ताब्यात गेला. माणसे पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच घरात राहत होती, पण घराखालची जमीन त्यांची नव्हती. ते हक्क मिळावेत म्हणून कायदा झाला तो २०१४ साली, आणि सनदांचे वाटप त्यापुढे टप्प्याटप्प्याने सुरू झाले. मयेचे काही विद्यार्थी माझ्या हाताखालून गेले. “माझे घर” या विषयावर निबंध लिहायला दिला की त्यांतला एखादा आजोबांच्या अर्जाविषयी लिहीत असे.

आमच्या मूळ घराला तसली अडचण नाही. आहे ती उलट जातीची. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेची परंपरा अजून चालते, तिच्यात मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखा. तत्त्व म्हणून मला ते सर्वस्वी मान्य आहे. पण चार भावांच्या मुलांची, लेकींची आणि त्यांच्या जोडीदारांची नावे मिळून आता आमच्या एका छपराला एकोणीस धनी झाले आहेत. कौले शाकारायची तर एकोणीस होकार हवेत. मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन २०२२ च्या डिसेंबरात झाले, तेव्हापासून पेडण्यातल्या जमिनीला मोल आले. पूर्वी चवथीलाही न फिरकणारे नातलग हल्ली एक-चौदाच्या उताऱ्याची चौकशी करतात. छप्पर गळतेच आहे.

असो. मूळ हकीकतीकडे वळतो.

दोन वर्षांपूर्वी, आषाढात, एके दिवशी शाळेतून परतलो तर आई दारापाशी खुर्चीवर गाठोडे मांडीवर घेऊन बसलेली. “म्हाका घरा व्हर,” एवढेच म्हणाली. आदल्या रात्री मुलाचे आणि सुनेचे पर्वरीच्या जागेविषयी बोलणे तिच्या कानावर गेले होते. आपण नसलो तर पोरांना घर सोडावे लागणार नाही, असा तिने हिशेब केला. ब्याऐंशी वर्षांची बाई, गळके घर, भर पावसाळा. सून रडू लागली. मी चिडलो, आणि चिडलेल्या माणसाला जे सुचते तेच केले: दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिला खरोखरच पेडण्याला घेऊन गेलो. दोन दिवसांत कंटाळून परत येईल, असा माझा मास्तरी कावा होता.

कोलवाळच्या पुलाखाली नदी गढूळ होऊन दोन्ही काठांना टेकली होती. धारगळ मागे पडले तशी आई खिडकीबाहेर पाहून घरांची आणि माणसांची नावे घेऊ लागली. घरी पोचल्यावर चौकीत तीन ठिकाणी भांडी मांडावी लागली. मी केर काढला, पेज शिजविली. आईने मात्र आत पाऊलही टाकले नाही. वसरीवरच्या सोप्यावर पाय वर घेऊन ती बसली, ती दिवेलागणीपर्यंत. वाटेवरून जाणारा प्रत्येक जण खळ्याच्या तोंडाशी थांबे. “केन्ना आयल्यात?” कोणी भाजी देऊन गेले, कोणी मुलाच्या लग्नाची बातमी. मी चौकीतून सहज मोजत होतो: तासाभरात अकरा माणसे. आईने एकालाही घरात बोलावले नाही आणि एकानेही आत यायची अपेक्षा केली नाही. घरात असणे आणि गावात असणे या दोन्ही गोष्टी ती एकाच जागी बसून करीत होती.

रात्री सहज बोलावे तसे ती म्हणाली, “बाबू, तुज्या त्या घराक वसरी खंय?”

डिचोलीच्या घरात दार उघडले की माणूस एकदम जिन्यात. दार लावले की एकदम खोलीत. मधले काहीच नाही. पाच वर्षे आई आमच्याकडे होती. औषधे, दूध, गरम पाणी यांत आम्ही कसर ठेवली नव्हती. पण त्या काळात आपणहून, बोलावल्यावाचून तिच्याशी कोण बोलले असेल, याचा मी विचारच केला नव्हता.

तिसऱ्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, “चल, पणती सोदत आसतली.” माझा कावा सफल झाला खरा, पण मला जिंकल्यासारखे वाटले नाही.

परत आल्यावर मी पहिल्याने घरातले लाकूड मोजले. दोन मोठे पलंग, कोच, जेवणाचे टेबल व सहा खुर्च्या, तीन कपाटे. यांनी मिळून सुमारे १६ चौरस मीटर, म्हणजे घराचा चौथा हिस्सा अडविला होता. राष्ट्रीय बांधकाम संहितेत दोन खोल्यांच्या घरासाठी एक खोली किमान साडेनऊ आणि दुसरी साडेसात चौरस मीटरांची असावी असे सांगितले आहे. म्हणजे जवळजवळ या दोन खोल्यांएवढी जागा आम्ही लाकडाला दिली होती! सहा बाय साडेसहा फुटांचा पलंग दिवसाचे सोळा तास कोणाच्याही उपयोगी पडत नाही. सौभाग्यवतींचा विरोध अपेक्षित होता. कोच त्यांच्या माहेरच्या माणसांसमोर घेतलेला. “अहो, पाहुणे आले तर काय जमिनीवर बसवायचे?” मी म्हटले, “आपण दोघे बसलोच होतो की, तुमच्या वडिलांसमोर.” तीन दिवस अबोला झाला. चौथ्या दिवशी त्यांनीच जेवणाचे टेबल काढायला सांगितले, कोच नव्हे. तडजोड म्हणून मी ती स्वीकारली. टेबलाच्या जागी भिंतीला बिजागरीची फळी बसविली. जेवणाच्या वेळी उघडायची, एरवी भिंतीला लावायची. आई आणि मुलीच्या खोलीतला पलंग गेला. तेथे आता दोन गाद्या, सकाळी गुंडाळल्या की खोली मोकळी. मधल्या बोळाच्या डोक्यावर माळा काढला. मुलीचा रात्रीचा अभ्यास स्वयंपाकघरात गेला. दहानंतर ते घरातले सर्वांत शांत ठिकाण असते, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते.

मुलाच्या खोलीला हात लावायचा नाही, हे मी आधीच ठरविले होते. जुन्या घराच्या कौतुकात वाहून जाऊन तिचाही दिवाणखाना करावा, असे एकदा मनात आले होते. पण काकीचे घंघाळ आठवले. सुनेला हे मी सांगितले नाही. तिनेच एके दिवशी चहा देताना म्हटले, “बाबा, आजी दुपारी माझ्या खोलीत बसल्या तर मला चालेल हो. फक्त येताना दारावर टकटक करायला सांगा.” आईला आयुष्यात कोणत्याही दारावर टकटक करावी लागली नव्हती. ती आता दार वाजविते, आणि वाजविता वाजविताच आत शिरते. एवढ्यावर दोघींनी मिटविले आहे.

राहिली वसरी. आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडे, मध्ये जिन्यासमोर आठ बाय सहाची मोकळी जागा. तेथे एक बाक ठेवावे म्हणून मी तिन्ही घरी विचारून आलो. दोघे तयार झाले. तिसऱ्यांनी जिन्याची वाट अडविणे आगीच्या प्रसंगी धोक्याचे असते हे दाखवून दिले. त्यांचे म्हणणे बरोबर होते, म्हणून बाकाचा नाद सोडला. भिंतीला एक जाड खिळा मारून घडीची खुर्ची टांगली. चार वाजता आई ती उतरवायला लावते आणि दार उघडे टाकून तेथे बसते. पहिला आठवडा मुलेच थांबत. मग वरच्या मजल्यावरच्या बाई भाजी निवडायला परडी घेऊन पायरीवर येऊन बसू लागल्या. हल्ली ज्यांनी हरकत घेतली त्यांच्या आईही संध्याकाळी आपली खुर्ची घेऊन येतात. सहाला दोन्ही खुर्च्या खिळ्यावर जातात. अकराचा आकडा अजून झालेला नाही. परवा सात झाले.

पाळण्याचा प्रश्न मात्र सुटला नाही. सिमेंटच्या छताला वासा नाही आणि पंख्याच्या कडीला पाळणा टांगण्यास मुलाने साफ नकार दिला, तो योग्यच होता. नात आता चालू लागली आहे, तेव्हा तो प्रश्न तिनेच मागे टाकला म्हणायचा.

मुलाने पर्वरीचा विचार सोडलेला नाही. दुसऱ्या अपत्याची चाहूल लागली आहे, आणि माझी निवृत्तीही जवळ आली आहे. गेल्या रविवारी त्याच्याबरोबर एक सदनिका पाहून आलो. खोल्या चांगल्या आहेत, उजेड भरपूर, भाडे मात्र जड. तो नळ आणि विजेची बटणे तपासत होता तेव्हा मी दाराबाहेर उभा राहून जिन्यासमोरची जागा पावलांनी मोजली. घरी आल्यावर आईने खोल्या किती, भाडे किती, काहीच विचारले नाही. दाराबाहेर चार माणसे बसतील का, एवढे विचारले. “तीन,” मी सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “पयलीं एक खिळो व्हड करून मार म्हण ताका.”